बंबवाला बोलू लागतो

“शनिवारपासून मी बोलणार,” तोकुझो हातानाकांनी जेवताना जाहीर केलं आणि मिसो सूपची रिकामी वाटी निवडणुकीचा अर्ज भरावा तशी ठामपणे खाली ठेवली.

फुसाएबाईंनी मुळ्याच्या लोणच्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली. नवऱ्याचं तोंड खाण्यात गुंतवून ठेवणं हा त्यांचा संसारातला जुना उपाय होता.

“काय बोलणार?”

“सगळं. साठलंय खूप.”

हिनाझाकी गावातलं ‘त्सुरु-यू’ हे सार्वजनिक न्हाणीघर हातानाकांच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आलं होतं. पुढे उंच गल्ल्यावर फुसाएबाई बसत. मागे, भिंतीपलीकडे, मोडलेल्या घरांची लाकडं जाळणाऱ्या बंबापाशी तोकुझो बसत. घरोघरी गरम पाण्याचे नळ आले, तसं गिऱ्हाईक आटत गेलं. शेवटी ज्यांचं घरी कुणाशी पटत नाही असे काही म्हातारे तेवढे उरले. धुराडं दुरुस्तीला आलं होतं आणि न्हाणीघर बंद करायचं असं उभयतांनी जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात चाहते आले.

‘धुरकट डोंगर’ हा एक जुना व्हिडिओ गेम. त्यातला वाटसरू थकूनभागून एका न्हाणीघराच्या मागच्या अंगाला पोचतो. तिथे एक बंबवाला बसलेला असतो. त्याच्या शेजारी बसलं की वाटसरूची गेलेली शक्ती भरून येते. बंबवाला मात्र बोलत नाही. काहीही विचारा, तो बंबात एक लाकूड सरकवतो आणि पुन्हा आगीकडे बघू लागतो. या मौनावर चाहत्यांनी जेवढं लिहिलं होतं, तेवढं एखाद्या झेन गुरूच्या मौनावरही कुणी लिहिलं नसेल. कुणाच्या मते त्याला पुत्रशोक झाला होता, कुणाच्या मते तो स्वतःच डोंगर होता.

हा गेम बनवणारे कुसाकाबे विद्यार्थी असताना ‘त्सुरु-यू’च्या माडीवर भाड्याने राहत होते, ही गोष्ट एका मुलाखतीतून फुटली आणि खऱ्या बंबवाल्याच्या दर्शनाला लोक येऊ लागले. पहिली तुकडी आली त्याच सकाळी तोकुझोंच्या दोन दाढा काढल्या होत्या. डाव्या गालात कापसाचे बोळे होते. त्यांनी पाहुण्यांकडे बघून मान हलवली, बंबात लाकूड सरकवलं आणि ठणका सोसत आगीकडे बघत राहिले. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

दाढांची जखम भरली, पण तोवर कीर्ती पसरली होती. फुसाएबाईंनी फर्मान काढलं, की शनिवारी आणि रविवारी मागच्या अंगाला एक शब्द ऐकू येता कामा नये. आणि हे कुणाला, तर ज्याने स्वतःच्या लग्नात पुरोहिताला मध्येच थांबवून त्या वर्षीच्या मासेमारीबद्दल मत दिलं होतं, त्याला! ‘त्सुरु-यू’पुढे पोस्टमन सायकल उभी करत नसे, पाय न टेकता टपाल भिरकावून पुढे जाई.

तोकुझोंनी हा वनवास सोसला, कारण त्यांनी मनाशी एक समजूत घातली होती. कुसाकाबे पोरगा तासन् तास बंबापाशी बसून त्यांचं बोलणं ऐकत असे. आयुष्यात त्यांना भेटलेला तो एकमेव खरा श्रोता. त्याने बंबवाला मुका ठेवला तो नाइलाजाने. त्या काळच्या यंत्रात आवाजाला जागाच नसणार. आणि आता गेमवरून ॲनिमेशन मालिका निघाली होती आणि तिच्या ताज्या भागात बंबवाला चक्क बोलला होता. तोकुझोंच्या मते, झालेली चूक पोराने अखेर दुरुस्त केली होती.

फुसाएबाईंनी त्यांना सावध करून पाहिलं. बंबवाल्याच्या बोलण्यावरून चाहत्यांत उभी फूट पडली होती. मालिका बघून नव्याने चाहते झालेल्यांना तो फार गोड वाटला. जुन्या खेळाडूंना मात्र बुद्धाच्या मूर्तीला कुणी कर्णा लावल्यासारखं वाटलं. धुराडं नवं व्हायचं तर दोन्ही प्रकारचे लोक आंघोळीला यायला हवेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

शनिवारी प्रथम आल्या सेन्दाईच्या दोन विद्यार्थिनी. त्या मालिकेच्या बाजूच्या. बंबवाल्याचं मालिकेतलं वाक्य काकांच्या तोंडून ऐकायला मिळेल का, असं त्यांनी लाजत विचारलं. तोकुझोंनी ते वाक्य म्हटलं. मग त्यात थोडी भर घातली. मग देवदाराच्या आणि पाइनच्या ठिणग्यांमधला फरक सांगितला, त्यावरून धुराड्यावर आले, धुराड्यावरून धाकट्या मामांच्या हर्नियावर. मुली प्रत्येक वाक्याला वाकून हुंकार देत होत्या आणि वाकता वाकता बसस्टॉपच्या दिशेने सरकत होत्या.

भिंतीपलीकडे, गळ्यापर्यंत पाण्यात, जुन्या चाहत्यांची एक तुकडी बसली होती. त्यांचे पुढारी निशिगोरी हे नागोयाचे औषधविक्रेते. बंबवाल्याच्या मौनावरचा सर्वांत लांब लेख त्यांचाच. भिंतीतून आवाज येऊ लागला, तसे ते सगळे कमरेला पंचे गुंडाळून, केसांतून पाणी ठिबकत, मागच्या अंगाला येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. वाकून नमस्कार केला आणि निशिगोरींनी अतिशय हळुवारपणे विचारलं, की इथे जे काका बसायचे ते हल्ली कुठे असतात?

“मीच की तो,” तोकुझो म्हणाले.

निशिगोरी हसले. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून ते असेच हसत असावेत.

संध्याकाळपर्यंत त्यांचं मत सर्वदूर पोचलं. मालिकेच्या जाहिरातीसाठी ‘त्सुरु-यू’त एक बोलका नट बसवण्यात आला आहे, खऱ्या बंबवाल्याचं काय झालं? लगेच कुणी जुनी आणि नवी छायाचित्रं शेजारी शेजारी लावली. पूर्वीच्या माणसाचा डावा गाल भरलेला होता, याचा बसका. म्हणजे हा तो नव्हे, हे सिद्धच झालं. या वयाचा माणूस बंब सोडून कुठे जाईल, असा प्रश्न कुणीतरी विचारला आणि त्यानंतर चर्चेत एक जड शांतता पसरली.

रविवारी सकाळी गावात खरोखरच एक अंत्यविधी होता. टोफूवाल्या नाओए आजी गेल्या होत्या. आलेल्या चाहत्यांना त्या तळलेला टोफू फुकट खाऊ घालायच्या, त्यामुळे सगळे त्यांना ओळखत, अशी फुसाएबाईंची समजूत. त्या स्मशानातून परतल्या आणि उशीर झाला म्हणून काळ्या किमोनोतच गल्ल्यावर बसल्या. थोड्या वेळाने एक मुलगी आत आली, त्यांच्या कपड्यांकडे बघून जागच्या जागी थबकली आणि रडत बाहेर पळाली. परत आली ती काळ्या-पांढऱ्या दोरीची गाठ बांधलेलं, दुखवट्याचे पैसे घातलेलं पाकीट घेऊन. दोन्ही हातांनी ते पुढे करत ती म्हणाली, की त्यांच्या शेजारी बसून तिला फार बळ मिळालं होतं.

टोफूचा एवढा गुण फुसाएबाईंना माहीत नव्हता. तरी त्यांनी पाकीट आदराने घेतलं. “खूप त्रास न होता गेल्या गं,” असं त्यांनी म्हणायला आणि मुलीने हुंदका द्यायला एकच गाठ पडली, त्यामुळे नेमकं कोण गेलं हे ऐकायचं राहून गेलं.

चार दिवसांत टपालाने पाकिटं येऊ लागली. पोस्टमनला आता सायकल उभी करणं भाग पडलं. त्यातल्या एका पाकिटावर स्वच्छ लिहिलं होतं: ‘मौनी बंबवाले काका यांच्या स्मृतीस.’ फुसाएबाईंनी ते दोनदा वाचलं आणि मागे जाऊन नवऱ्याकडे बघून आल्या. ते लाकडांशी बोलत बसले होते.

आता खरी पंचाईत सुरू झाली. दुखवट्याचं पाकीट परत पाठवणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. आणि ठेवून घ्यायचं तर परतीची भेट गेलीच पाहिजे.

“अहो, तुम्ही जिवंत आहात हे सावकाश कळवता येईल,” फुसाएबाईंनी समजावलं, “पण भेट वेळेवर गेली नाही, तर लोक काय म्हणतील?”

त्यांनी पाकिटं न उघडता देवघराच्या फडताळात रचून ठेवली आणि प्रत्येकाला न्हाणीघराचं नाव छापलेला एकेक पंचा आभाराच्या ठरीव मजकुरासह रवाना केला. परतीची भेट आली म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही. तोकुझो हातानाका रीतसर वारले.

पुढच्या शनिवारी एवढी गर्दी लोटली, की चपलांचे खण पुरेनात. बंबापुढे पांढऱ्या शेवंतीचा ढीग साचला. नव्या-जुन्या चाहत्यांचं भांडण मिटलं होतं. सगळे हात जोडून बंबापुढे गुडघ्यांवर बसत आणि मग डोळे पुसत आंघोळीला जात. त्या शेवंतीतून वाट काढत लाकडं आणणाऱ्या माणसाला कुणीतरी विचारलं, की आपण त्यांचे कोण?

“धाकटा भाऊ,” तोकुझोंच्या तोंडून निघून गेलं.

आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की धाकट्या भावावर मौनाचं बंधन नाही! त्यांनी थोरल्याचं चरित्र सुरू केलं. त्याचा स्वभाव, त्याची हुशारी, त्याला आलेला टायफॉइड. एवढी स्तुती करण्याची संधी जिवंत माणसाला सहसा मिळत नाही. श्रोते सोशीक होते. पण संध्याकाळी फुसाएबाईंनी फोनवरच्या प्रतिक्रिया वाचून दाखवल्या, तेव्हा जवळजवळ सर्वांचं मत एकच पडलं होतं: धाकट्याला थोरल्याची सर नाही.

तोकुझोंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

“त्याच्यात असं काय होतं?”

“गप्प बसायचा,” फुसाएबाई म्हणाल्या.

“त्याचे हे सगळे गुण लोकांना सांगतोय कोण पण? मीच ना! आणि तो बसलाय नुसता फुलं घेत.” स्वतःचा मत्सर करण्याची वेळ आलेला माणूस फुसाएबाईंनी याआधी पाहिला नव्हता. भाताची वाटी बाजूला सारून तोकुझो म्हणाले, “कुसाकाबेला कळवू या. तो सांगेल यांना, मी कसा होतो ते. त्याने ऐकलंय मला.”

कळवावं लागलं नाही. रविवारी दुपारी काळा टाय लावलेले, केस पांढरे होत चाललेले एक गृहस्थ गर्दीतून पुढे आले. चाहत्यांत कुजबुज झाली आणि वाट मोकळी झाली. कुसाकाबेंनी शेवंतीपुढे वाकून नमस्कार केला, मान वर केली आणि त्यांना बंबापाशी लाकडांची मोळी काखेत धरलेले तोकुझो दिसले.

“मालक, तुम्ही?” ते म्हणाले. “मला तर पंचा आला.”

दोन पावलं मागे गल्ल्यावरून आलेल्या फुसाएबाई उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. निशिगोरी पुढे झाले. आपली दिशाभूल झाली की काय, यापेक्षा त्यांना दुसऱ्याच प्रश्नाने पछाडलं होतं. कुसाकाबेंनीच आता निवाडा करावा, असं ते म्हणाले. गेममधला बंबवाला बोलत नाही, मालिकेतला बोलतो. यातलं खरं काय, आणि मुळात त्याच्या मौनाचा अर्थ काय?

“सांग, सांग रे,” तोकुझो आनंदाने म्हणाले. “यंत्रात जागा नव्हती, हो की नाही?”

कुसाकाबेंनी घाम पुसला. ते सज्जन गृहस्थ होते, आणि मृताविषयी चार बरे शब्द बोलायची तयारी करून आले होते. जिवंत माणसापुढे काय बोलावं याची तयारी त्यांनी केली नव्हती.

“जागा भरपूर होती, मालक,” ते शेवटी म्हणाले. “मालिकेतलं बोलणं लिहिणाऱ्यांचं आहे, माझं नाही. माझं म्हणाल तर… त्या वर्षी मी दोनदा नापास झालो होतो. घरी जायची हिंमत नव्हती. तुमच्या बंबापाशी येऊन बसलो, की बरं वाटायचं. ऊब होती. म्हणून गेममध्ये वाटसरूला तिथेच आणून बसवलं. फक्त…”

“फक्त काय?”

“फक्त तुम्ही एकदाही थांबला नाहीत. मला रोज वाटायचं, हा माणूस थोडा वेळ गप्प बसला, तर किती छान होईल. ते काही जमलं नाही. मग गेम माझ्या हातात होता, तर तिथे तुम्हाला गप्प बसवलं.”

तोकुझोंनी तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर पडलं नाही. मग ते सावकाश बंबापाशी बसले, मोळीतलं एक लाकूड काढून आत सरकवलं आणि आगीकडे बघत राहिले. कुसाकाबे त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

निशिगोरींचा चेहरा एकदम पालटला. ते गुडघ्यांवर कोसळले.

“तेच आहेत,” ते म्हणाले. “हे तेच आहेत!”

मागे कुणी रडू लागलं, कुणी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळी गर्दी हळूहळू खाली बसली. आगीच्या तडतडीखेरीज तिथे कसलाही आवाज नव्हता. ही शांतता किती टिकेल, याचा अंदाज त्या जागेत फक्त एका व्यक्तीला होता. फुसाएबाई गर्दीतून पाय न वाजवता पुढे आल्या, कुसाकाबेंपुढे कपाळ गुडघ्यांना लागेपर्यंत वाकल्या आणि त्यांच्या कानाशी म्हणाल्या, “पाकिटं सगळी जशीच्या तशी आहेत, ती आपल्या हातानेच परत करून टाका. पण येत्या शनिवारी पुन्हा येऊन, आज यांना जे सांगितलंत, तेवढंच पुन्हा सांगून जाता येईल का?”