चार महिन्यांची घरपट्टी

नांदखेडात घर कोणाचंही असो, तिथले दिवस ज्याने घरपट्टी भरली त्याचे असतात.

सुबोध कासखेडीकरला हे ठाऊक होतं. पण पैसा सुटेल तर तो सुबोध कसला! वामनराव हुपरीकरांचा फ्लॅट त्याने नोव्हेंबरअखेरीस घेतला. वामनरावांनी पाच टक्के सवलतीसाठी जूनमध्येच वर्षाची पट्टी भरून टाकली होती. खरेदीखतावर अंगठे उमटल्यावर ते म्हणाले, "डिसेंबर ते मार्चचा हिस्सा तेवढा द्या. दोन हजार एकशे चाळीस."

"भरलीच आहे ना तुम्ही? मग मी कशाला भरू?"

"बघा हं. दिवस आमच्याकडे राहतील."

"राहू द्या की!" सुबोध म्हणाला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाला.

डिसेंबरपासून हुपरीकर पतीपत्नी सकाळी येत आणि आपले दिवस काढून संध्याकाळी परत जात. गॅलरीतली उन्हाची खुर्ची वामनरावांची. सुबोधने तेही चालवून घेतलं.

सोळा जानेवारीला सुबोधच्या बायकोला, शलाकाला, घरीच मुलगी झाली. सुबोध पेढे घेऊन नगरपालिकेत गेला. जन्मनोंदणीच्या सुर्वेबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि रजिस्टर उघडलं.

"फ्लॅट नंबर सात, सोळा जानेवारी. हा दिवस हुपरीकरांचा. मुलगी त्यांच्या नावावर जाईल."

"अहो, मी बाप आहे तिचा!"

"असाल. पावती आहे?"

पावती नव्हती. सुबोध धावत घरी, गॅलरीत बसलेल्या वामनरावांकडे गेला. दोन हजारांचे दहा हजार करतो म्हणाला, हातापाया पडला. त्याचा जीव खरंच कासावीस झाला होता.

"तेव्हा दिले असतेत तर घेतले असते," वामनराव शांतपणे म्हणाले. "आता हिच्या मनात मुलगी भरली आहे. तीस वर्षं वाट पाहिली हो आम्ही."

आतून त्यांच्या पत्नी सुमतीकाकूंच्या अंगाईचा आवाज येत होता. दूध पाजण्यापुरती आईची सोय नियमात होती, त्यामुळे शलाकाला आत प्रवेश होता.

आठवड्याभराने सुबोधच्या हाती पत्रिका पडली. बारसं, स्थळ फ्लॅट नंबर सात, निमंत्रक वामन हुपरीकर. खाली लिहिलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.'

बारशाच्या दिवशी सुबोधने इस्त्रीचा शर्ट घातला, झबलं-टोपडं पिशवीत टाकलं, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

"या, या," वामनराव दार उघडत म्हणाले. "चपला तेवढ्या बाहेर काढा."