कूलरची मैफल

अंधार होऊन बारा सेकंद झाले होते आणि सभागृहातली दीडशे माणसे अजून गप्प होती. एवढी शांतता मयतीलाही नसते; तिथे निदान कुणीतरी चहाची चौकशी करतो! रंगमंचावर प्रशिक गजभिये एका मेलेल्या बटणावर बोट टेकवून उभा होता. लॅपटॉपच्या निळसर उजेडात त्याचा चेहरा विहिरीच्या तळाशी पडलेल्या चंद्रासारखा दिसत होता. आणि मागच्या भिंतीपाशी, विजेच्या मुख्य खटक्यावर हात ठेवून, त्याचे जन्मदाते वडील उभे होते. ते दिसत नव्हते; पण त्यांची आरोळी अजून छताला वटवाघळासारखी लटकलेली होती.

"बेअरिंग गेलं! बंद करा मशीन! बाजूले व्हा सगळे!"

त्याच दिवशी सकाळी खापरखेड्याच्या घरात हाच प्रशिक छाती फुगवून म्हणाला होता, "आई, लिहून ठेव. आज बाबांच्या तोंडून माझ्या संगीताबद्दल एक तरी शब्द काढतोच!"

"काढजो बापा," प्रेमिलाबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "बत्तीस वर्सं झाले मले या घरात. भाजी चांगली झाली म्हणून तुया बाबाच्या तोंडून मी आयकलं नाही. मीठ जास्त पडलं का मात्र अर्धा तास भाषण!"

यात अतिशयोक्ती नव्हती. संघपाल गजभिये यांनी वीजकेंद्रात चौतीस वर्षे यंत्रे ऐकली. 'ऐकली' हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. लांब पेचकसाचे, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचे, टोक धावत्या यंत्रावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. प्रशिक सात वर्षांचा असताना एका वर्धापनदिनी कुटुंबीयांना आत नेले होते, तेव्हा त्याने हे पाहिले. बाबा एका यंत्रापाशी ऐकत आणि काही न बोलता पुढच्या यंत्राकडे जात. पुन्हा ऐकत, पुन्हा पुढे. सहाव्या पंपात मात्र बिघाड निघाला; तिथे ते थांबले आणि बोलू लागले ते थांबेचनात. इंजिनिअरसाहेब वही काढून लिहून घेत होते! आपल्या बाबांना यंत्रे गुपिते सांगतात, असे त्या दिवशी त्या पोराला वाटले. तो पुढे इलेक्ट्रॉनिक संगीताच्या नादी लागला, त्याचे मूळ कदाचित त्या पंपातच असावे.

बाबांनी मात्र हे संगीत आजवर ऐकलेच नव्हते. पाच वर्षे प्रशिक मागच्या खोलीत हेडफोन लावून बसे आणि बाबांना दिसे ते एवढेच, की पदवीधर मुलगा एका बटणांच्या डब्यापुढे बसून मान हलवतो आहे. म्हणून आज त्याने त्यांना हट्टाने नागपुरात आणले होते. रचनेचे नाव 'धग'. कार्यक्रमपत्रिकेवर छापले होते, 'औद्योगिक ध्वनींवर आधारित'. यातला गौप्यस्फोट वाचकांपुरताच ठेवावा. 'धग'च्या गाभ्याशी कुठलाही कारखाना नव्हता. तिथे होता गजभिये यांच्या खिडकीतला, सोळा वर्षांचा, लोखंडी पत्र्याचा कूलर! महिन्याभरापूर्वी, वैशाखाच्या एका दुपारी प्रशिकने त्याचा आवाज टिपला, आठपट संथ केला, आणि त्या घरगुती घरघरीतून एक अजस्र, काळोखी कण्हणे जन्माला आले.

बाबांनी खुर्ची निवडली ती शेवटच्या रांगेत, विजेच्या पॅनलजवळ. लग्नातही ते नवरदेवाजवळ न बसता मीटरच्या बोर्डाजवळ बसतात.

सव्वीस मिनिटे सगळे सुरळीत चालले. सत्ताविसाव्या मिनिटाला प्रशिकने तो कूलर दोन पुरुष उंच स्पीकरांतून सभागृहात सोडला. खुर्च्या थरथरल्या. पहिल्या रांगेतल्या एका काकूंच्या कानातली कर्णफुले किणकिणली. प्रशिकने चोरून मागे पाहिले. बाबांचे डोळे मिटलेले होते! त्याचा ऊर भरून आला. बाबा तल्लीन झाले! मग बाबांच्या कपाळावर आठी उमटली. भिडले! मग बाबा ताडकन उठले. उभे राहून दाद!

मग बाबा पॅनलकडे धावले.

पुढचे आपण जाणताच.

तेराव्या सेकंदाला अंधारात कुठेतरी एक टाळी वाजली. मग दुसरी. मग तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे सगळे सभागृहच फुटले! कुणी शिट्टी मारली. आणीबाणीचे दिवे लागले तेव्हा दीडशे माणसे उभी होती आणि त्या सर्वांची पाठ रंगमंचाकडे होती. बाबा खटक्यावर हात ठेवून, धाप टाकत, या वेड्यांच्या बाजाराकडे पाहत होते.

सर्वप्रथम शोभाताई पोचल्या. कार्यक्रम त्यांच्याच संस्थेचा होता. शहरातल्या नव्या कलेला त्यांच्या होकाराखेरीज अंकुर फुटत नसे, आणि डिसेंबरच्या महोत्सवाची यादीही त्यांच्याच पर्समध्ये असे.

"काय क्षण दिलात हो!" त्यांचे डोळे पाणावले होते. "अंगावर काटा आला!"

"काटा येईलच," बाबा म्हणाले. "अजून दोन मिनिट चाललं असतं तर शाफ्ट बाहीर आला असता!"

पाठोपाठ गौरांग आला. तो कलासमीक्षा लिहीत असे, आणि उन्हाळ्यातही गळ्यात उपरणे बाळगत असे.

"सर, हा हस्तक्षेप आधीपासून ठरलेला होता?"

"ठरलेला कसा राहील गा? बेअरिंग काय सांगून जाते?"

"वा! 'बेअरिंग सांगून जात नाही'!" गौरांगने मोबाइलवर टिपून घेतले. "आणि अंधार? अंधाराकडे तुम्ही कसं पाहता?"

"अंधारात दिसते का काही?"

"अप्रतिम!"

एव्हाना प्रशिक गर्दीतून वाट काढत पोचला. शोभाताईंनी त्याचे दोन्ही हात धरले. "प्रत्यक्ष वडिलांना, एका खऱ्या कामगाराला कलाकृतीत आणण्याचं धाडस! डिसेंबरला तुमचा विचार करावाच लागेल."

डिसेंबर! प्रशिकच्या ओठांवर सत्य आले, क्षणभर उंबरठ्यावर थबकले आणि चपला न घालता आत परतले. "हो... म्हणजे... ते आपोआपच घडत गेलं," तो म्हणाला. यातले एकही अक्षर खोटे नव्हते, आणि तरीही बाबांनी त्याच्याकडे पाहिले तेव्हा त्याला आपली नजर ठेवायला सभागृहात जागा सापडेना.

परतताना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये प्रशिकच्या लहान स्पीकरचा डबा होता. कोराडीचा तलाव मागे पडल्यावर बाबा प्रथम बोलले.

"त्याइले सांगतलं काहून नाही, का मी खरंच बंद केलं म्हणून? नाटक वाटलं त्याइले. माह्या चौतीस वर्साच्या नोकरीचं नाटक!"

प्रशिकने वेग वाढवला.

"बरं, मशीन कोणती होती?"

'कूलर' हा शब्द टाळून प्रशिक म्हणाला, "खरी नव्हती, बाबा. सगळं इलेक्ट्रॉनिक असते ते."

"खोटी मशीन घासत नसते," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरांगची समीक्षा आली. प्रशिकने ती आधी मनात वाचली, मग न राहवून आईला मोठ्याने वाचून दाखवली. 'गजभिये यांच्या सादरीकरणातला सर्वोच्च क्षण म्हणजे ते थांबले तो. त्या ज्येष्ठ श्रमिकाच्या एका आरोळीत जे आर्त होते, त्याचा लवलेशही उरलेल्या संगीतात नव्हता. ते दुपारी घरात लावलेल्या कूलरसारखे होते: संतत, ओलसर आणि झोप आणणारे.'

प्रशिकला प्रत्येक वाक्याचा प्रतिवाद सुचत होता. शेवटच्याचा तेवढा सुचेना.

"पोट्टा हुशार दिसते," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"आई!"

"अवं माय, कूलरच तर होता ना तो? तूच नाही का महिन्याआंधी त्याच्यापुढं माईक धरून बसला होता? मी म्हटलं ऊन लागलं पोराले."

पण पुढचे संकट दारात उभेच होते. दुपारी एक वाजता, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, कूलरने एक दीर्घ किंकाळी फोडली, जळक्या रबराचा वास सोडला आणि देह ठेवला. घर क्षणात तंदूर झाले! बाबांनी बनियनवरच मोटार उघडली. बेअरिंगमधल्या गोळ्या उरल्याच नव्हत्या. त्यांचा काळा भुगा बाबांच्या तळहातावर बुक्क्यासारखा पडला. त्यांनी तो नाकाजवळ नेला. मग कानाजवळ. मग सावकाश मान वळवून ते प्रशिककडे पाहू लागले.

आता मात्र पळवाट नव्हती.

"बाबा... कालची मशीन हीच होती."

"हा कूलर?"

"आठपट हळू केलेला. महिना झाला रेकॉर्ड करून."

आपण ओरडा खाणार, या खात्रीने प्रशिकने खांदे आखडून घेतले. पण बाबा खाली, फरशीवर बसले.

"महिन्यापासून घासून राहिलं होतं म्हणजे," ते हळूच म्हणाले. "मी रोज याच्याच समोर झोपतो. मले आयकू नाही आलं. अन् तुया त्या डब्यातून आलं?"

"घरच्याचं कोण आयकते, अजी?" प्रेमिलाबाई पदराने वारा घेत म्हणाल्या. त्यांनी हे कुणाला उद्देशून म्हटले, ते त्या दोघांपैकी कुणीही विचारले नाही.

संध्याकाळी शोभाताईंचा फोन आला. डिसेंबरच्या महोत्सवात 'धग' हवीच होती. तीच आरोळी, तोच अंधार, शक्य झाल्यास तोच शर्ट. त्यांना आधी बाबांशी बोलायचे होते.

"मॅडम," बाबा म्हणाले, "बिघाडाची तारीख ठरवता येत नाही," आणि त्यांनी फोन विंचू धरावा तसा प्रशिककडे सरकवला.

प्रशिकने डोळे मिटले. "शोभाताई, एक सांगायचं होतं. बाबांचा तो अभिनय नव्हता. त्यांना आवाजातला खरा बिघाड कळला, म्हणून त्यांनी वीज तोडली. आणि तो आवाज आमच्या कूलरचा होता."

पलीकडे पर्सची चेन बंद झाल्याचा आवाज आला.

"हे मला सांगितलंस, ते ठीक," शोभाताई म्हणाल्या. "गौरांगला सांगू नकोस. तीनशे शब्द लिहिलेत रे त्याने!"

"मग डिसेंबरचं?"

"तुझं एकट्याचं ना? कळवते हं."

ज्याला ज्याला नागपुरात आजवर 'कळवते हं' असे सांगण्यात आले आहे, तो अजूनही फोनजवळ बसलेला सापडेल.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नवे बेअरिंग आणले, ग्रीस भरले आणि कूलर पुन्हा खिडकीत उभा राहिला. तो आता निराळेच गात होता. तलावावरून सरकत जाणाऱ्या वाऱ्यासारखे, एका श्वासाचे. प्रशिकने पुन्हा त्याच्यापुढे माईक धरला. या वेळी बाबांनी न सांगता भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून ठेवला, टिकटिक मध्ये येऊ नये म्हणून. पुढचे चार दिवस प्रशिक मागच्या खोलीबाहेर फक्त जेवायला आला, आणि ते जेवणही तालात चावले.

पाचव्या संध्याकाळी त्याने हेडफोनची वायर उपटली, स्पीकर पुढच्या खोलीत आणून टेबलावर ठेवला आणि घसा खाकरला.

"बाबा, ऐकता का? फक्त मधला भाग. चार मिनिटं."

बाबांनी पेपर घडी घालून ठेवला. ते उठले, कपाटाखालची हत्यारांची पेटी ओढून त्यांनी लांब पेचकस काढला, त्याचे टोक स्पीकरच्या लाकडी अंगावर टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

संगीत सुरू झाले. प्रेमिलाबाई चहा घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. पहिले मिनिट गेले. दुसरे गेले. सात वर्षांच्या पोरासारखा प्रशिक बाबांच्या कपाळाकडे पाहत राहिला. आठी कुठल्याही क्षणी उमटणार होती. तिसऱ्या मिनिटाला, जिथे तो कूलर आठपट संथ होऊन खोलीभर पसरतो, तिथे बाबांची बोटे मुठीवर किंचित घट्ट झाली. प्रशिकचा हात आपोआप स्पीकरच्या बटणाकडे गेला. बाबांची बोटे पुन्हा सैलावली. चहावर साय धरली. चौथे मिनिट संपले आणि आवाज विरत विरत खिडकीतल्या खऱ्या कूलरमध्ये मिसळून गेला.

"कसं वाटलं, बाबा?"

बाबांनी डोळे उघडले.

"काहीतरी बोला ना! वाईट असेल तर वाईट म्हणा!"

बाबांनी पेचकसाचे टोक शर्टाच्या कडेला पुसले आणि काही न बोलता ते पुढच्या यंत्राकडे, फ्रिजकडे गेले.