उजवीकडची सफरचंदं

पदार्थ पानात कुठे वाढायचा यावरून हट्टाला पेटणारा माणूस मी दिनूकाकांच्या आधी पाहिला नव्हता. तेही ओहायोतल्या डब्लिनमध्ये, शाळेच्या भाड्याच्या कॅफेटेरियात, कागदाच्या प्लेटवरून.

आमच्या मंडळाच्या गणपतीला काका दरवर्षी एकच पदार्थ आणत. बिडाच्या जड तव्यात लोण्यावर परतलेल्या सफरचंदाच्या फोडी, सालासकट. वर ब्राउन शुगर, दालचिनी, चिमूटभर मीठ. प्रकार टेनेसीचा, कारण काकांची बायको लोरेटाकाकू तिकडची. "पण केलाय मी हं," हे काका कोणी न विचारताच सांगत.

जेवणाची व्यवस्था माझ्याकडे असे. मी तवा लोणच्याशेजारी ठेवला की काका तो अलगद उचलून बटाट्याच्या भाजीशेजारी नेत.

"अहो काका, गोड आहे ते. मुरांब्यासारखं डावीकडेच वाढणार ना?"

"डावीकडचं लोक चाटतात, उजवीकडचं जेवतात. ही साइड डिश आहे. आपलं म्हणणं एवढंच, की भाजीएवढी वाढा."

एरवी माणूस मेणाहून मऊ. पण कोणाकडे बारशाला गेले तरी स्वतःच्या पानातला मुरांबा भाजीच्या जागी ठेवून यजमानांना दाखवणार, "बघा, शोभतो की नाही?" यजमान बिचारे मान डोलवत.

लोरेटाकाकू मंडळात एकदाच आल्या होत्या. त्यांनी हौसेनं आणलेली सफरचंदं डावीकडे गेली, सगळ्यांनी बोटाच्या पेराएवढी घेतली आणि तवा भरलेलाच घरी परतला. पुन्हा त्या आल्या नाहीत. काका मात्र तवा घेऊन येत राहिले.

एका वर्षी बटाट्याची भाजी आणणारी गाडी हायवेवर पंक्चर झाली. पुऱ्या तळून तयार, मंडळी बसलेली आणि प्लेटची उजवी बाजू रिकामी. मी काकांकडे पाहिलं.

"आणा तो तवा," मी म्हटलं.

काका स्वतः वाढत गेले, चांगली भाजीएवढी. गरम पुरीबरोबर ती अशी काही लागली की शेजारणीच्या आमटीला कधी 'बरी आहे' न म्हणणाऱ्या गोखलेकाकूंनीही परत मागितली. बटाट्याची भाजी पोचली तेव्हा पोरं पुरीनं तवा पुसत होती.

एवढा विजय झाला आणि काकाच कुठे दिसेनात. शोधलं, तर कॉरिडॉरमधल्या पेफोनपाशी.

"संपली गं सगळी," ते सांगत होते. "उजवीकडे वाढली. तवा पुसून खाल्ला लोकांनी."

मी थबकले. हे नवरा-बायको आपसात मराठी बोलतात, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

मला पाहून काकांनी रिसीव्हर पुढे केला. "तुम्हीच सांगा. माझ्यावर विश्वास नाही तिचा."

"काकू, फार छान झाली होती सफरचंदं," मी म्हटलं.

पलीकडून टेनेसीच्या संथ सुरात, पण चांगल्या मराठीत प्रश्न आला, "मीठ बरोबर पडलं होतं ना?"

'केलाय मी' म्हणणारे काका आता नोटीस बोर्ड वाचण्यात गढले होते.

"अगदी बरोबर. पण पुढच्या वर्षी वाढायला तुम्ही यायचं, काकू," मी म्हटलं. "आपलं म्हणणं एवढंच."