संघपाल सरांची हलकी बॅग

संघपाल सरांनी पळायची बॅग किराणा दुकानाच्या काट्यावर तिसऱ्यांदा ठेवली, तेव्हा दुकानदार श्रावण वैतागला. "सर, आता साखर तरी घ्या. माह्या काट्याले गिऱ्हाईक भेटून नाई राह्यलं."

सरांचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आलापल्लीकडच्या सागवानात पंचवीस किलोमीटर पळायचं होतं आणि पाठीवर मणाचं ओझं नको होतं. त्यांनी बॅगेचं लेबल कापलं, पट्ट्यांची टोकं कापली, कंगवा मोडून अर्धाच ठेवला. सरांच्या डोक्यावर केस किती, हे कुणी विचारू नये.

घरी सत्यशीलाबाईंचं काम नेमकं उलटं चाललं होतं. सर एक वस्तू काढत, की बाई दोन टाकत.

"काय वं, हा कांदा कायले?"

"ऊन लागल तं?"

"सकाळच्या धुक्यात ऊन?"

"सकाळी हरवाल, दुपारी लागल. मांगच्या साली नाई लागलं का?"

सरांनी कांदा राहू दिला. मागच्या वर्षी याच शर्यतीत ते एका दुफाट्यावर चुकले होते. संध्याकाळी गावच्या गुराख्याला, वारलूला, ते झाडावर बसलेले सापडले आणि वारलूनं त्यांना गुरांच्या कळपाबरोबर हाकत गावात आणलं. जिल्हा परिषद शाळेच्या मास्तरला! तेव्हापासून शाळा सुटली की पोरं विचारायची, "सर, घरी सोडून देऊ का?" शेवटी सरांनी भर वर्गात शपथ घेतली, की यंदा हरवलो तर बूट वारलूला देऊन टाकीन आणि पुन्हा पळायचं नाव काढणार नाही. बोलून तर गेले, पण पळण्याइतकं दुसरं काहीच त्यांना आवडत नव्हतं.

सकाळी सर अंघोळीला गेले आणि बाईंनी सुई-दोरा काढला. त्या गावात घंटी बांधल्याशिवाय कुणी जनावर जंगलात सोडत नाही. मग नवरा कसा सोडायचा? गोठ्यात खुंटीला बुधीची लाकडी घंटी टांगलेली होती. बुधी म्हणजे त्यांची गाय. पावसाळ्यात त्याच दुफाट्यापाशी तिला वाघानं नेलं, मागे घंटी तेवढी राहिली. वाजली असती तर सरांनी लगेच काढून फेकली असती, म्हणून बाईंनी तिच्यात कापूस ठासून भरला आणि ती बॅगेच्या पाठीकडच्या गादीत घालून शिवून टाकली.

"गळ्यातच बांधली असती," त्या पुटपुटल्या, "पन मास्तर पडले ना."

शर्यतीच्या आधी बॅगा तपासल्या गेल्या. पाणी, टॉर्च, शिट्टी हवीच. शेवटी पुन्हा तपासणी, एखादी वस्तू कमी भरली तर बाद. सरांची बॅग पास झाली. जराशी जड लागत होती, पण ते पाणी असेल असं त्यांनी धरलं.

धुकं एवढं दाट होतं, की पुढचे पळणारे बघता बघता दिसेनासे झाले. मागचे कुठे राहिले कुणास ठाऊक. पायाखाली सागाची वाळकी पानं कडाकडा मोडत होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

खट् खट्... खट्.

सर थांबले. आवाजही थांबला. सर पळू लागले, तसा तोही निघाला. खट् खट्... खट्. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. दोन ठोके लागोपाठ आणि तिसरा उशिरा, अशी घंटी पंचक्रोशीत एकच होती. आणि ती तर घरी गोठ्यात खुंटीला होती.

शाळेत अंधश्रद्धेवर सगळ्यात लांब भाषण संघपाल सरांचंच असतं. "भूतबीत काही नसते," ते मोठ्यानं म्हणाले.

खट् खट्... खट्.

"नसते ना?" त्यांनी विचारलं.

बॅगेतलंच काही वाजत असेल म्हणून त्यांनी ती वाटेवर उपडी केली, कप्पान् कप्पा चाचपला. वाजण्यासारखं काही सापडेना. इतक्यात आवाज अगदी जवळ आला. सरांनी हाताला लागलं तेवढं कोंबलं आणि धूम ठोकली.

पुढे पाण्याच्या ठिकाणी बिरजू नावाचा पोरगा जीपला टेकून उभा होता. "सर, गाय घेऊन पळून राह्यले का?"

"कोणती गाय?"

"मांगं घंटी वाजून राह्यली ना!"

म्हणजे यालाही ऐकू येतं! दोघांनी मागे पाहिलं. वाट रिकामी होती आणि आवाज येतच होता. बिरजू जीपमध्ये शिरला आणि त्यानं भराभर काचा चढवल्या.

"अबे, पानी तं दे!"

"तुमीच घ्या. मी नाई उतरत बापा."

पाणी कोण पितो? सर सुटले ते थेट दुफाट्यावर आले. खुणेच्या फिती धुक्यात दिसेनात. मागच्या वर्षी कुठे वळलो होतो? डावीकडे की उजवीकडे? डावी वाट रुंद होती. सरांनी तिकडे पाय टाकला, आणि आता समोरून, त्या डाव्या वाटेतूनच आवाज आला. खट् खट्... खट्.

सर किंचाळले आणि उजवीकडे पळाले.

शेवटच्या रेषेवर बचत गटाच्या चहाच्या दुकानात सत्यशीलाबाई होत्या. वारलूही आला होता, पाय स्वच्छ धुऊन. धुक्यातून तिसऱ्या नंबरावर संघपाल सर बाहेर पडले, तेव्हा टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

चंद्रपूरच्या माधवी मॅडमनी बॅग तपासली. "सर, शिट्टी?"

"जंगलात राहिली असेल."

"मग नियमानं तुम्ही बाद."

सर मटकन खाली बसले. वारलू बुटांकडे पाहू लागला.

"थांबा जी," बाई पुढे आल्या. "नियमात शिट्टीच पाह्यजे म्हून हाय का?"

"शिट्टी किंवा आवाज करून मदत मागता येईल असं काहीही."

बाईंनी दातानं दोरा तोडला आणि गादीतून घंटी काढली. सर पाहतच राहिले, मग पोट धरधरून हसत सुटले. "तू शिवली होती वं! अन् मी जीव घेऊन पळून राह्यलो!"

"वाजवून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी घंटी हलवली. ती वाजली नाही.

"कापूस हाय ना आत," म्हणत त्यांनी सुईनं तो उकरून काढला. पार ठासलेला, कोरडा, सकाळी भरला होता तसाच. मग घंटी पुन्हा हलवली.

खट् खट्... खट्.

सरांनी हसणं थांबवून तो कापूस उचलला. "हा कापूस... मधात निघाला असल का वं?"

"निघल कसा? शिवलं होतं ना मी."

तेवढ्यात काचा चढवलेली जीप येऊन थांबली. बिरजूनं बोटभर काच खाली केली. "गाय आली का इकडं?"

मॅडमनी घाईघाईनं सरांच्या गळ्यात पदक घातलं. वारलूनं आपल्याच चपला चढवल्या.

घरी जाताना सरांनी बॅग छातीशी धरली होती. दुफाट्यावर डावीकडे गेलो असतो तर यंदाही झाडावरच बसलो असतो, एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं. गाव दिसायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "सत्यशीला, पुढच्या साली बॅगेत मूठभर ढेप टाकजो."

"गायीची ढेप? वजन नाई होनार का?"

"होऊ दे." सरांनी एकदा मागे वळून पाहिलं. "तेबी तं तेवढीच पळली ना माह्यासंग."