भेगेवरच्या काचपट्ट्या

"चोराला पकडायला शंभर पोलीस लागतात, पण ओळखायला मी एकटा पुरतो," असं भावोजी दिवसातून एकदा तरी म्हणत. तीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. नोकरी संपली, पण दारावरच्या पाटीवर 'इन्स्पेक्टर' तेवढं राहिलं. समोरच्या माणसाचं वजन आणि पाप दोन्ही आपण एका नजरेत तोलतो, असा त्यांचा दावा होता. सहायक म्हणून हाताशी होता त्यांचा मेहुणा. तो तळमजल्यावरच्या खोलीत शिंपीकाम करायचा. बहिणीचा नवरा पडला, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

यंदा मात्र प्रकरण खरंच गळ्याशी आलं होतं. इमारतीला चाळीस वर्षं झाली होती. तिचं आयुष्य किती उरलंय, हे ठरवायला एक इंजिनीअरबाई आल्या. पायातल्या पहिल्या विटेपासून पाडल्यावरच्या राड्यारोड्यापर्यंत सगळं त्यांनी मांडून पाहिलं.

"पाडून नवी बांधायची म्हणजे पुन्हा तेवढंच सिमेंट, तेवढंच लोखंड, वर गाड्या भरभरून कचरा," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा दुरुस्ती बरी. पण ही भेग वाढत नसेल तरच."

भेग जिन्याच्या तोंडाशी होती, जमिनीपासून छतापर्यंत. बाईंनी तिच्यावर एकाखाली एक अशा पाच काचपट्ट्या आडव्या बसवल्या, दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे लावून. भिंत हलली तर काच तडकणार. तीन आठवडे शाबूत राहिली, तर इमारतीला आणखी तीस वर्षं.

पहिल्या सोमवारी पाहतात तो खालच्या तीन पट्ट्या गायब. नव्या बसवल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा त्याच तीन.

"मला खात्री नसेल तर मी राहा म्हणून लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "हे शेवटचं."

 अठ्ठावन्नाव्या वर्षी मशीन उचलून शिंपी जाणार कुठे? त्याची गिऱ्हाइकं खिडकीतूनच कापड देत आणि मापासाठी आतही येत नसत, इतकी जुनी होती.

भावोजी मात्र खुशीत होते. "काचेचे तुकडेही नाहीत. गुन्हेगार पुरावा घेऊन जातो, म्हणजे शिकलेला आहे."

पहिला संशय शेजारच्या प्लॉटवरच्या बिल्डरवर. त्याच्यावर दोन दिवस पाळत ठेवल्यावर कळलं, की तो महिनाभर पाय मोडून घरीच पडलाय. मग पाळी चौथ्या मजल्यावरच्या जाड्या वकिलांची. त्यांच्या चढउतारानेच इमारत हादरते, असं ठरवून भावोजींनी जिन्यात वजनकाटा मांडला. वकील मुकाट्याने काट्यावर चढले, आकडा पाहिला आणि त्या दिवसापासून भावोजींशी बोलायचे बंद झाले.

"फक्त खालच्याच पट्ट्या का तुटतात?" भावोजींनी डोळे मिटले. "कारण इमारत पायापासून वर सरकतेय."

"सरकून कुठे जाणार, भावोजी?"

"तेच तर रहस्य आहे."

अखेर सापळा रचायचं ठरलं. शिंप्याच्या खडूचे डबेच्या डबे कुटून भावोजींनी जिन्यात भुकटी पसरली, पावलं उमटावीत म्हणून. शनिवारी सकाळी जिना धुवायला आलेल्या मावशी ती पांढरी जमीन पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे कुणी केलं? आधीच ते सिमेंटचे गोळे खरवडून माझं मनगट गेलंय."

शिंपी हातातल्या कात्रीसकट खोलीबाहेर आला. "कसले गोळे, मावशी?"

"ते काय भिंतीवर. गवंडी घाण टाकून गेलेत, वर काच खुपसलीय. पोरं भिंतीला हात लावत उतरतात. कुणाचा हात कापला म्हणजे? दर शनिवारी खरवडते, सोमवारी पुन्हा हजर. वरचे दोन राहिलेत, माझा हात पुरत नाही."

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मला कोण सांगतंय," मावशी म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. पट्ट्यांबद्दल दोन सभा झाल्या होत्या, बावीस घरांना नोटीस गेली होती. जिना पुसणाऱ्या बाईला मात्र कुणी काही बोललं नव्हतं. शिंपीही रोज तिच्या बादलीवरून पाय टाकून जायचा. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पुढचे तीन आठवडे मावशी पट्ट्यांच्या राखणीला बसल्यासारख्या वागल्या. भिंतीजवळून जाणाऱ्याला त्या हटकत, वकिलांनाही. पाचही काचा जशाच्या तशा राहिल्या. सभेत इंजिनीअरबाईंनी अहवाल वाचला: भेग जुनी आहे, दुरुस्ती करा, इमारत अजून तीस वर्षं सहज उभी राहील. लगेच भावोजी उठले आणि आपण हे पहिल्याच दिवशी कसं ताडलं होतं, ते सांगू लागले. एरवी शिंप्याने बहिणीकडे पाहून कपाळाला हात लावला असता. आज त्याने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

दाराशी उभ्या मावशींनी भावोजींना मध्येच थांबवलं. "अजून तीस वर्षं ना? मग आता तरी लांब दांड्याचा ब्रश घ्या. वरची जळमटं चाळीस वर्षं तशीच आहेत."

भावोजी म्हणाले, पुढच्या सभेत ठराव मांडू. शिंपी तोवर चपला घालून बाहेर पडला होता. दुकानात त्याने सगळे ब्रश हातात घेऊन पाहिले आणि दोन घेतले, एक मावशींना आणि एक स्वतःला.