हिरामणनानांनी काय काय सोडलं

ओतूरच्या एसटी स्टँडबाहेर उभ्या असलेल्या कुठल्याही मोटारसायकलचा आरसा हिरामणनाना फुकट जाऊ देत नाहीत. गाडी कुणाची, मालक वर बसलाय की नाही, ते बघत नाहीत. वाकतात, कंगवा काढतात, केस मागे वळवतात आणि "आरसा पुसत जा राव, निसतं धुकं दिसतंय," असं मालकालाच सुनावून पुढे जातात.

नाना आमचे शेजारी. जळालेल्या पंपाच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्यांचं दुकान आहे. साठी उलटली तरी केस असे, की कॉलेजची पोरं बघत राहायची. बेल्ह्याच्या बैलबाजारात लोक जनावराचे दात बघतात, नाना कातडीवरचे केस बघायचे. "जनावर केसावरून वळखावं, मानूसबी," हे त्यांचं शास्त्र. नव्या जावयाचंही डोकं ते आधी न्याहाळणार.

मागच्या वर्षी त्यांची बायको, आमच्या यमुनाकाकू, गेल्या. नानांनी मटण-मासे सोडले. काही महिन्यांत केस झडू लागले आणि नानांनी गावभर निकाल जाहीर केला: "शाकाहारानं माझं रान उजाड केलं."

हे मला सहन होणं शक्यच नव्हतं. आमचं मंडळ शाकाहाराचा प्रचार करतं. मी पत्रकं घेऊन दारोदार फिरते, आणि लोक पत्रक परत देऊन म्हणू लागले, आधी नानांचं डोकं बघून ये. एका माणसाच्या टकलापुढे अख्खी मोहीम आडवी!

मी तडक दुकानात गेले आणि नानांना सुनावलं. केस प्रथिनांचे बनतात. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ, दूध-दही पोटात जात असेल, तर मटण सोडल्यानं कुणाचं टक्कल पडत नाही. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग कंगव्यात अडकलेला पुंजका काढून माझ्या पत्रकावर ठेवला. "हे वाचून दाव त्याला."

आता मात्र मी हटायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळेला त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि दारातच थिजले. ताटात भात, मीठ आणि कारल्याचे करपलेले काप. बस. मांडणीवरचे डबे उघडले. मूग भरलेला, मटकी भरलेली, हुलग्यात पोरकिडे नांदत होते.

"नाना, याला शाकाहार म्हणत नाहीत. ही उपासमार आहे. आणि बदनामी आमची करताय?"

"वरडू नको, बाय. बस."

मग त्यांनी जे सांगितलं, त्यानं मी हादरलेच. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी त्याच्या नावानं सोडायचं, ही आपल्याकडची रीत. एक वस्तू सोडली की झालं. माझ्या चुलत्यांनी आजोबांच्या नावानं दोडका सोडला, जो त्यांनी जन्मात कधी खाल्ला नव्हता. नानांनी मटण सोडलं. मग आठवलं, काकूंना मासवडी आवडायची. ती सोडली. मग मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, मेथी, शेंगदाण्याची चटणी, ताक. जसजसं आठवत गेलं, तसतसं सुटत गेलं.

"तिला समदंच गोड लागायचं गं," नाना म्हणाले. "मी तरी काय करू?"

"आणि कारलं?"

"ते तिला आवडत नव्हतं."

"तुम्हाला आवडतं?"

"छ्या."

मला राग आला, आणि राग आला की मी तोंडाला येईल ते बोलते. "काकूंना तुमचे केस आवडायचे. तेही सोडलेत का?"

नानांनी ताटातला भात चिवडला.

"ते मी न्हाई सोडलं," ते म्हणाले. "पर एकेक सोडताना बरं वाटायचं. तिचं अजून कायतरी आठवतंय, असं. आता आठवंना झालंय. परवा सबंध दिवस बसलो मोटारीसमोर. नवीन एकबी न्हाई."

पत्रक माझ्या हातात होतं. ते मी पर्समध्ये कोंबलं, घरी गेले, आईनं केलेली मटकीची उसळ पातेल्यासकट उचलून आणली आणि मांडणीवरून स्वतःसाठी एक ताट घेतलं. नाना म्हणाले, ही तिच्या आवडीची. मी म्हटलं, म्हणूनच आणली. काकू असत्या, तर तुमचं हे ताट बघून त्यांनी शिव्या घातल्या असत्या.

"घातल्या असत्या," नानांनी कबूल केलं.

मी वाढलं. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा केला. पहिला घास लहान पोराच्या घासाएवढा घेतला आणि डोळे मिटून चावत राहिले.

"तिच्या उसळीत कांदा जास्त असायचा," नाना म्हणाले. "आनि वरनं कच्चं तेल घालायची. इसरलोच व्हतो." आणि त्यांनी दुसरा घास घेतला.