माह्या घरी काय खाल्लं होतं?

आमच्या गल्लीतल्या देवाजीभाऊंशी फोनवर बोलायचं असेल, तर आधी त्यांच्या घरी जेवलेलं असावं लागतं. फोन उचलून ते "जयभीम" म्हणतात आणि लगेच विचारतात, "माह्या घरी काय खाल्लं होतं?" नाव सांगून भागत नाही, नातं सांगून तर मुळीच नाही. "वांगे-आलू, अन् तिखट झाले होते," असं बरोबर उत्तर आलं की भाऊ तासभर सोडत नाहीत. उत्तर चुकलं की पुन्हा एकदा "जयभीम", आणि फोन बंद.

भाऊ एसटीत कंडक्टर होते, अहेरीकडच्या जंगलातल्या गाड्यांवर. "ज्यानं 'वळखलं का भाऊ' म्हटलं, त्याच्यापाशी तिकीट नसेच," हा त्यांचा नोकरीतला अनुभव. निवृत्त होऊन आरमोरीला आले, तर तीच मंडळी आता फोनवर भेटायला लागली. दिवाळीपासून मंडईपर्यंत तर त्यांचा हंगामच. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. लेकी-जावई येतात, रात्री नाटक असतं, घरोघरी लाखोरीच्या डाळीचे वडे तळले जातात. माणसांचे खिसे सैल असतात आणि डोकी त्याहून सैल. अशा वेळी कुणाचं पार्सल अडकतं, कुणाला बक्षीस लागतं, कुणाची वीज आज रात्रीच कापली जाणार असते.

"पहिले पाह्य, घाई कोनाले हाय," भाऊ गल्लीतल्या बायांना समजावतात. "त्याले घाई असन तं फोन ठेव. बँकेचं काम असन तं आपन सोता बँकेत जाऊ, आपल्या पायानं."

मला हे सगळं पाठ आहे, कारण सुट्ट्यांत पाहुणे आले की मी हमखास कुठेतरी फसायच्या बेतात असतो. गेल्या वर्षी मेव्हण्याला ताडोबा बघायचा होता. मला एक रिसॉर्ट सापडलं, निम्म्या भावात, फक्त सगळे पैसे लगेच भरायचे होते. मी आकडे दाबतच होतो, तेवढ्यात भाऊंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पलीकडच्या रिसॉर्टवाल्याला विचारलं, "आज तुमच्याकडे जेवाले काय हाय?" तो म्हणाला, सगळं आहे. "सगळं म्हनजे काई नाई," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मी जरा चिडलो होतो. नंतर त्या रिसॉर्टच्या जागी नुसती धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत निघालं, तेव्हा गुपचूप त्यांच्याकडे चहा प्यायला गेलो.

ही जेवणाची परीक्षा आली कुठून, तेही सांगतो. त्यांचा मुलगा मिलिंद हैदराबादला नोकरी करतो. एकदा अगदी त्याच्याच आवाजात फोन आला. बाबा, अपघात झालाय, पैसे पाठवा, कुणाला सांगू नका. भाऊ पैसे काढायला उठलेसुद्धा. पण वसतिगृहात होता तेव्हापासून मिलिंदशी बोलताना पहिला प्रश्न ठरलेला, तोच सवयीने तोंडातून गेला, "जेवला का, काय होतं?" पलीकडचा आवाज खेकसला. "माहा पोट्टा मरनाच्या दारात असन तरी भाजी सांगनच," भाऊ म्हणतात. त्यांनी फोन ठेवला, खऱ्या मिलिंदला लावला. तो भेंडीची भाजी खात बसला होता.

आता या परीक्षेची एक अडचण आहे. पास होण्यासाठी माणूस आधी जेवलेला हवा. म्हणून पोस्टमन, सिलिंडरवाला, मीटर बघणारा, जो दारात येईल त्याला भाऊ पाटावर बसवतात. "खाल्ल्याबिगर वळख कशी पटन गा?" लोकांना वाटतं, म्हातारा संशयी आहे. माझ्या घराची भिंत मात्र त्यांच्या घराला लागून आहे. वहिनी गेल्यापासून एकट्याच्या ताटासमोर बसणं भाऊंच्या जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे.

मिलिंदने हैदराबादेतच नोंदणी लग्न केलं, तेव्हा भाऊंचा पाय प्लास्टरमध्ये होता. सून नाशिककडची, नाव प्रज्ञा. मिलिंद फोन तिच्याकडे देऊ लागला की हा माणूस लाजून म्हणे, "इथी आली का बोलीन." मंडईला जमलं तर येतो, असं मिलिंद दर वर्षी म्हणे आणि जमत नसे. भाऊ दर वर्षी वड्यांची डाळ मात्र दोघांची जास्त भिजवत.

यंदा मंडईच्या दिवशी दुपारी भाऊ विजयी मुद्रेने माझ्याकडे आले. "आज तं एक बाई होती गा! अनोळखी नंबर. म्हने, बाबा, ओळखलंत का? मी नागभीड स्टेशनवरून बोलतेय, गर्दीमुळे गाडी मिळत नाहीये, कुणाला पाठवता का, जरा लवकर सांगा. इतकं साफ मराठी! अन् वरून लवकर! मी इचारलं, माह्या घरी काय खाल्लं होतं?"

"मग?"

"म्हने, मी तुमच्याकडे कधी जेवलेच नाही. ठेवला फोन. नंबरबी ब्लॉक केला."

असं म्हणून ते हसले आणि हसता हसताच थांबले. "चोर असता तं काईतरी ठोकून देल्लं असतं," ते हळूच म्हणाले. "भात तरी म्हटला असता. हे तं खरं बोलली."

"सून तर नव्हती?" मी म्हणालो. मिलिंदचा फोन लागेना. मग त्यांच्या फोनमधला तो नंबर शोधून मी माझ्या फोनवरून लावला. "मी देवाजीभाऊंचा शेजारी. तुम्ही तिथेच थांबा, गाडी घेऊन येतो."

"कशावरून?" असं म्हणून पलीकडच्या बाईने फोन कापला.

भाऊंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "माह्याच घरची हाय!" ते ओरडले आणि स्वयंपाकघरात धावले. डबा भरून येईपर्यंत मी गाडी काढली, तर माझ्याच अंगावर ओरडले, "लवकर चाल न बे!" 'लवकर' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

ब्रम्हपुरी सोडल्यावर म्हणाले, "पहिल्यांदा आली पोरगी, अन् मी तिले चोर समजलो. वापस गेली असन तं?"

ती गेली नव्हती. फलाटावरच्या बाकावर सामान राखत बसली होती. बाजूला बंद पडलेला फोन हातात घेऊन, गाडी शोधून दमलेला मिलिंद. भाऊ पुढे गेले. त्यांनी बाकावरच डबा उघडला. वडे अजून कोमट होते. "खाय माय," एवढंच म्हणाले.

तिने एक वडा खाल्ला, दुसरा घेतला. "लाखोरीचे वडे," ती हसून म्हणाली, "आणि मीठ थोडं जास्त. आता विचारा, बाबा."

भाऊंनी काही विचारलं नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले, उघडपणे, आम्हा सगळ्यांसमोर. मी मागून गाडीची किल्ली वाजवत होतो, कारण परतायचं होतं आणि मंडई सुरू झाली होती. ती भराभर खाऊ लागली.

"सावकास खाय," भाऊ तिच्या शेजारी बसत म्हणाले. "घाई कोनाले हाय?"